चोराचा माग आणि गावची गुन्हेगारी

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सातारा प्रांतातील एखाद्या गावी रात्री घर फुटले, तर सकाळी पहिली हाक पोलिसाला जात नसे. कारण पोलीस म्हणून निराळा कोणी नव्हताच. हाक जाई ती रामोश्याला. घरधनी कपाळाला हात लावून ओट्यावर बसलेला आहे, बायकामाणसे फुटलेल्या भिंतीपाशी गोळा झाली आहेत, पाटील व कुलकर्णी चावडीवरून येत आहेत, आणि रामोशी मात्र घराकडे पाहतच नाही; तो मातीकडे पाहतो. चोराचे पाऊल सापडले की त्याचे माप घ्यावयाचे आणि त्या मापाच्या आधाराने शिवाराशिवारांतून, बांधाबांधावरून माग काढीत गावच्या शिवेपर्यंत जावयाचे. शिवेच्या दगडापाशी पलीकडच्या गावचा रखवालदार बोलावून आणला जाई. पाऊल त्याच्या हद्दीत उतरले आहे हे त्याला दाखवून दिले आणि माप त्याच्या हवाली केले, की पहिल्या गावाचा रखवालदार मोकळा झाला. पुढचा माग दुसऱ्याच्या गळ्यात. अशा रीतीने एकामागून एक शिवा ओलांडीत तो माग ज्या गावच्या हद्दीत विरून जाई, त्या गावाने चोरीस गेलेल्या मालाची किंमत भरून द्यावयाची. माग मुळातच सापडला नाही, तर ती भरपाई जेथे चोरी झाली त्याच गावाच्या अंगावर पडे.

हे वर्णन कोणा कादंबरीकाराचे नव्हे. पेशवाई बुडाल्यावर दक्षिणेतील मुलखाचा कमिशनर म्हणून मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली जो मोठा अहवाल सरकारास सादर केला, त्यात गावच्या बंदोबस्ताची ही पद्धत त्याने नमूद करून ठेवली आहे. भरपाई कोणी किती द्यावयाची तेही तेथे आहे. प्रथम रखवालदाराने आपल्या ऐपतीप्रमाणे भरावे, आणि त्याची ऐपत संपली की उरलेली रक्कम सगळ्या गावावर पट्टी बसवून वसूल करावी. परंतु पुढचे वाक्य अधिक महत्त्वाचे आहे. मालाची संपूर्ण किंमत वसूल करण्याचा आग्रह काही विशेष प्रसंगीच धरला जाई. एरवी काही ना काही दंड घेऊन प्रकरण मिटवीत. आणि हयगय किंवा चोराशी साटेलोटे उघडकीस आले, तर पाटलाचे अथवा रखवालदाराचे इनाम काढून त्याच्या जवळच्या भाऊबंदास देणे, दंड, बेडी घालून कैद, किंवा अंगावर मार, अशा चढत्या शिक्षा होत्या. इनाम काढून परक्याला न देता भाऊबंदालाच द्यावयाचे, यातील व्यवहारचातुर्य पाहण्यासारखे आहे. वतन घराण्यातून जात नाही, म्हणून घराणे बंडास उठत नाही. पण दोषी मनुष्याच्या दारी त्याचा चुलतभाऊ मालक म्हणून उभा राहतो, आणि खेड्यात याहून कडू शिक्षा दुसरी नाही.

ही रीत मराठ्यांनी नव्याने काढली असे कोणी समजू नये. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात हाच नियम जवळजवळ याच शब्दांत आलेला आहे. चोराचे पाऊल गावाबाहेर गेल्याचे दिसत नसेल तर दोष ग्रामाधिपतीचा. गावच्या सीमेत चोरी झाली असेल तर त्या गावाने, किंवा पाऊल ज्या गावात गेले असेल त्या गावाने भरून द्यावे. आणि गावाबाहेर कोसापलीकडे चोरी झाली असेल तर भोवतालच्या पाच अथवा दहा गावांनी मिळून द्यावे. या स्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यातला, म्हणजे आपल्याच बाजूचा. तेव्हा सातारच्या रामोश्याला संस्कृताचे अक्षर येत नसले, तरी तो शिवेवर माप हवाली करीत उभा राही तेव्हा पंडितांच्या पोथीतला कायदाच पाळीत होता. एवढेच कशाला, ज्या इंग्रजांना ही पद्धत नवलाची वाटली त्यांच्या स्वतःच्या देशातही १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने हेच ठरविलेले होते. दरोडा पडला आणि दरोडेखोर सापडला नाही, तर त्या तर्फेतील सर्व रहिवाश्यांनी नुकसान सोसावे, असा तो कायदा होता.

आता ही रखवाली करणारे लोक कोण, ते पाहू. सातारा व पुणे या बाजूला हे काम बहुधा रामोश्यांकडे असे; दक्षिणेकडे, कर्नाटकाच्या शिवेलगत, बेरडांकडे; आणि जेथे या दोहोंपैकी कोणी नसेल तेथे महार व मांग ते करीत. गावच्या वेशीचा येसकर निराळा, रात्रीचा जागल्या निराळा, अशी वाटणीही पुष्कळ ठिकाणी होती. रामोशी स्वतःस रामवंशी म्हणवीत. काहींच्या मते हा शब्द रानवासी यावरून आला. त्यांच्यात चव्हाण व जाधव अशी दोन मोठी कुळे. पुढारी तो नाईक. दैवत खंडोबा, जेजुरीचा आणि सातारकरांच्या बाजूस पालीचा. भंडाऱ्यावर हात ठेवून घेतलेली शपथ रामोशी सहसा मोडीत नाही, असा लौकिक होता. आपसांत बोलावयास त्यांची एक सांकेतिक बोलीही होती, आणि तिच्यातील शब्दांची यादी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने रामोश्यांवर लिहून १८३३ साली मुंबईस छापविलेल्या पुस्तकात दिलेली आहे.

या कामाचा मोबदला रोकडीत थोडा आणि जिनसांत पुष्कळ. काही जमीन इनाम, खळ्यावर धान्याचा वाटा, सणावारी मानपान, दारोदारची भाकरी. या सर्वांच्या बदल्यात गावच्या मालमत्तेची हमी. म्हणजे हा नुसता पगार नव्हता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर गाव दरसाल विम्याचा हप्ता भरीत होते आणि नुकसान झाल्यास रामोश्याने ते भरून देण्याचा करार होता. मात्र विमा कंपनीजवळ भांडवल असते; रामोश्याजवळ एक झोपडी, एक भाला आणि दोन शेळ्या असत. म्हणूनच मागे सबंध गाव जामीन. जामिनाचा हा व्यवहार आणखी खोल गेलेला होता. संशयाच्या जमातींकडून सरकार साखळी जामीन घेत असे: पहिल्याला दुसरा जामीन, दुसऱ्याला तिसरा, आणि शेवटच्याला पुन्हा पहिला. कडी पुरी झाली म्हणजे कोणा एकाचा अपराध सर्वांच्या खिशाला लागे, आणि मग जो तो आपल्या शेजाऱ्यावर नजर ठेवी.

येथे एका शब्दाविषयी सांगणे अवश्य आहे. आपण आज गुन्हेगारी म्हणतो ती गुन्हे करण्याची वृत्ती. पेशवाईच्या दप्तरात गुन्हेगारी म्हणजे गुन्ह्याबद्दल घेतलेला दंड. वादात जो जिंके त्याने संतोषाने सरकारास द्यावयाची ती हरकी, आणि जो हरे त्याने द्यावयाची ती गुन्हेगारी. जमाखर्चात ही सरकारची रीतसर जमेची बाब होती. आजच्या वर्तमानपत्रात गुन्हेगारी वाढल्याचा मथळा पेशव्यांच्या एखाद्या कारकुनाने वाचला, तर खजिन्यात भर पडली म्हणून तो बिचारा समाधान पावेल! विनोद सोडला तरी त्यात एक सत्य आहे. भरपाई आणि दंड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भरपाई ज्याचे घर फुटले त्याच्या हाती जाते, दंड सरकारच्या. गावच्या जुन्या पद्धतीत पहिलीला मान होता. दुसरी तिच्या शेजारी येऊन बसली आणि हळूहळू तिने पहिलीची जागा बळकावली. ही सगळी कथा वास्तविक त्याच बळकावण्याची आहे.

रखवालदारांचा आपसांतील कारभार मात्र सरकारच्या कक्षेबाहेर होता. नाईक हा वंशपरंपरेचा, तरी तो एकटा निवाडा करीत नसे. जातीचे वडीलधारे जमवून, तक्रार करणाऱ्यास व ज्याच्यावर तक्रार असेल त्यास समोर बसवून निकाल होई. बेइमानी, जातभाईची चहाडी, सोयरिकीतील तंटा, ठरल्यापेक्षा कमी वाटा देणे, अशा गोष्टी तेथे येत. शिक्षा दंडाची, आणि दंड न भरल्यास पंक्तीबाहेर बसण्याची. दंडाची रक्कम साठवून ठेवण्याचा प्रघात नव्हता. ती देवाला नारळ-भंडारा आणि जातीला जेवण यांत त्याच बैठकीत संपे. अपराध्याच्या पैशाचे जेवण त्याच्यासह सर्वांनी एका पंक्तीत जेवावयाचे आणि तेथेच प्रकरण मिटवावयाचे. आजच्या न्यायाधीशाला हे पोरकट वाटेल. पण दंडाचा पैसा नाईकाच्या कनवटीस लागत नाही हे सर्वांच्या डोळ्यांदेखत सिद्ध करण्याची याहून सोपी युक्ती दुसरी कोणती असू शकेल, ते सांगणे कठीण आहे.

रामोश्यांचे दुसरे मोठे काम गडांवरचे. डोंगरी किल्ल्याच्या उतारावर ठिकठिकाणी मेटे असत. किल्ल्याच्या पायथ्याच्या घेऱ्यातील जमिनी या मेटकऱ्यांकडे व गडकऱ्यांकडे वंशपरंपरेने चालत, आणि त्याबद्दल त्यांनी वर्षभर पहारा द्यावा. गडावर हवालदार, सबनीस व कारखानीस असे अधिकारी निरनिराळे ठेवण्याची शिवछत्रपतींची व्यवस्था सर्वश्रुत आहे. अधिकार एका हाती गेला तर किल्ला एका फितुरीने जातो हे त्यामागचे धोरण. पण हे अधिकारी बदलत राहत, गडकरी बदलत नसे. तो तेथेच जन्मे आणि तेथेच मरे. अजिंक्यतारा, वैराटगड, पांडवगड, वर्धनगड, महिमानगड, वासोटा, आणि आज सांगली जिल्ह्यात मोडणारे मच्छिंद्रगड, भूपाळगड, प्रचितगड, या प्रत्येकाच्या खाली अशी वस्ती होती. तिची उपजीविका किल्ल्यावर होती. म्हणून किल्ला गेला तेव्हा केवळ राज्यच गेले नाही, हजारो घरांची चूलही गेली.

या पद्धतीचे गोडवे गाऊन थांबणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. रखवालदार स्वतःच पुष्कळदा चोर असतो आणि पाटील चोरांना आसरा देण्यास राजी असतो, म्हणूनच ही जबाबदारी त्यांच्या गळ्यात बांधणे भाग आहे, असे एल्फिन्स्टनने स्पष्ट म्हटले आहे. आपल्या गावाला हात लावू नये आणि शेजारच्या गावचे घर फोडावे, हा काही रामोश्यांचा मार्ग होता. ज्या गावाने रामोशी ठेवला नाही, त्या गावी चोऱ्या वाढत, आणि मग गावकरी समजावयाचे ते समजत. रखवालीचा हक्क आणि खंडणी यांमधला पडदा पातळ होता. दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी तर मामलती मक्त्याने जाऊ लागल्या. मक्तेदाराला भरलेली रक्कम व्याजासह उगवावयाची असे. चोर पकडून कैदेत ठेवण्यापेक्षा त्याच्याकडून पैसे घेऊन सोडणे त्याला किफायतीचे वाटू लागले. ज्या दिवशी गुन्हेगारी हे न्यायाचे साधन न राहता उत्पन्नाचे साधन झाले, त्या दिवसापासून शिवेवरच्या मापाची किंमत उतरली. त्रिंबकजी डेंगळे १८१६ च्या सप्टेंबरात ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला, तेव्हा नातेपुते आणि शंभूमहादेवाच्या डोंगराच्या आसऱ्याने त्याने जी माणसे जमविली त्यांत रामोशी व मांग पुष्कळ होते. रखवालदार फौजेत भरती झाला, म्हणजे गावची रखवाली कोणी करावी?

१८१८ च्या फेब्रुवारीत सातारचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला, एप्रिलात वासोटा पडला. पुढे १८१९ च्या सप्टेंबरात प्रतापसिंह महाराजांशी तह होऊन सातारचे राज्य नव्याने उभे राहिले. १८२२ पर्यंत ग्रँट डफ याने कारभार पाहिला आणि मग तो महाराजांच्या हाती आला. प्रतापसिंह हा कष्टाळू आणि कारभारात बारकाईने लक्ष घालणारा राजा होता. पण मुलूख कसा विभागला होता ते नकाशावर पाहावे: महाराजांचे राज्य, त्यात गुंतलेल्या पंतसचिव, पंतप्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर आणि जतचे डफळे यांच्या जहागिरी, दक्षिणेस सांगली-मिरज-तासगावकर पटवर्धन, आणि उत्तरेस कंपनीचा पुणे जिल्हा. पूर्वी चोराचा माग एका गावच्या शिवेवरून दुसऱ्या गावच्या शिवेत जाई. आता एखादी शीव ही दोन संस्थानांची हद्द असे, आणि तेथे रखवालदाराचे माप पुरत नसे, पत्रव्यवहार लागे. पत्र एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत पोहोचेपर्यंत वळवाच्या एका सरीने पाऊल पुसले जावयाचे.

या परिस्थितीतून उमाजी नाईक निघाला. पुरंदर तालुक्यातील भिवडी गावी १७९१ साली जन्मलेला हा रामोशी; बाप दादोजी खोमणे पुरंदर किल्ल्याच्या पहाऱ्यावरचा. पुरंदरच्या रामोश्यांची वतने बाजीरावाच्याच अमदानीत हिरावली गेली होती. इंग्रजांनी किल्ल्यांच्या शिबंद्या मोडल्यावर परत मिळण्याची आशाही गेली, आणि वर १८२४ चे अवर्षण आले. उमाजी एकदा तुरुंगात गेला असता तेथे लिहावयास वाचावयास शिकला, आणि पुढे त्याच्या बंडाला कागदाची जोड मिळाली. बंडाच्या भरात त्याने गावोगावी हुकूम पाठविले, की सरकारचा वसूल सरकारास न देता आपणास द्यावा. याला दरोडेखोराची धमकी म्हणावे की पदच्युत वतनदाराची वसुली म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याच्या दृष्टीने रखवालीचा हक्क त्याचा होता. सरकारने तो काढून घेतला होता. तेव्हा सरकार जे घेत होते ते तो स्वतः घेऊ पाहत होता.

त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सरकारलाही हे कोठेतरी पटले असावे. पकडण्याचे प्रयत्न थकल्यावर १८२८ साली त्याला माफी देऊन नोकरीत घेण्यात आले आणि पुरंदरच्या बाजूचा बंदोबस्त त्याच्याच माणसांकडे सोपविण्यात आला. म्हणजे दहा वर्षांनी गाडे फिरून जुन्याच चाकोरीत आले. पण चाकोरी तीच असली तरी मधला मुख्य भाग नाहीसा झाला होता. पूर्वी नाईकाच्या डोक्यावर गाव होते, पाटील होता, भरपाईची हमी होती. आता त्याच्याजवळ सरकारी अधिकार होता, दंड करण्याची ताकद होती, पण चोरीचा माल भरून देण्याचे बंधन त्याच्यावर टाकणारे कोणी उरले नव्हते. त्याने दरबार भरविले, तंटे तोडले, पैसे घेतले. तक्रारी वाढल्या, सरकारचा विश्वास उडाला, आणि १८३१ च्या फेब्रुवारीत त्याने इंग्रजांविरुद्ध उघड जाहीरनामा काढला. त्याच वर्षी डिसेंबरात भोर संस्थानातील उत्रोळी येथे, त्याच्याच जुन्या साथीदारांच्या फितुरीने तो पकडला गेला, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यास त्याला फाशी झाली. मॅकिंटॉशचे पुस्तक याच मोहिमेतून जन्मास आले. ज्याने उमाजीचा पाठलाग केला त्यानेच रामोश्यांच्या चालीरीती टिपून ठेवल्या, आणि त्या कारणाने आज त्या जाणता येतात.

सांगलीच्या बाजूस प्रकार थोडा निराळा. मिरजेच्या काकांशी न पटल्यामुळे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ च्या सुमारास सांगलीस आपली गादी नेली. पटवर्धनांची सगळी दौलत फौजेच्या चाकरीवर दिलेली सरंजामी. पेशवाईनंतर इंग्रजांना घोडेस्वारांची चाकरी द्यावयाची, हे आप्पासाहेबांच्या मानी स्वभावास रुचले नाही, आणि चाकरीऐवजी सुमारे १ लक्ष ३५ हजार रुपयांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून देणे त्यांनी पत्करले. चाकरी चुकविण्याचा याहून मोठा दंड दुसऱ्या कोणा मराठी सरदाराने राजीखुषीने भरल्याचे उदाहरण विरळा. खाली गावपातळीवर मात्र दक्षिण महाराष्ट्रात शेतसनदी नावाचा वर्ग होता. नावाप्रमाणेच शेताच्या सनदेवर चाकरी करणारे हे लोक: वेळप्रसंगी किल्ल्यावर शिपाई, एरवी शेतकरी, आणि पुढे पुढे वसुलाचा व गावबंदोबस्ताचा प्यादा. यांच्या जमिनींना हात लागला म्हणजे काय होते हे १८४४ साली कोल्हापुरात दिसले. दाजी कृष्ण पंडिताने सुधारणेच्या नावाखाली गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात दिल्या, आणि सामानगडापासून भुदरगड-पन्हाळ्यापर्यंत गडकरी उठले. सातारचा पूर्वीचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यालाच त्यांनी पकडून पन्हाळ्यावर डांबून ठेवले. डिसेंबरात तोफा लावून पन्हाळा घ्यावा लागला, आणि त्यानंतर त्या किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली. तेरा वर्षांनी, १८५७ च्या नोव्हेंबरात, मुधोळ संस्थानातील हलगलीचे बेरड हत्यारबंदीच्या कायद्याविरुद्ध उठले, तेही याच सूत्रात धरावयास पाहिजे. ज्याचे हत्यार हेच त्याच्या वतनाचे साधन, त्याला हत्यार नोंदवून परवाना घे म्हणणे म्हणजे न्हाव्याला वस्तऱ्याचा परवाना काढावयास सांगण्यासारखे होते.

इकडे कायदाही बदलत होता. एल्फिन्स्टनच्या नावाने ओळखला जाणारा मुंबईचा कायदेसंग्रह १८२७ सालचा. योगायोग असा की, दरोड्याबद्दल तर्फेने भरपाई द्यावी हा जुना नियम विलायतेच्या पार्लमेंटानेही त्याच वर्षी रद्द करून दंग्यांतील नुकसानीपुरताच ठेवला. युरोपात आणि हिंदुस्थानात एकदमच असे ठरू लागले, की अपराध हा एका माणसाचा असतो, गावाचा नव्हे; त्याचा तपास पगारी पोलिसाने करावा; आणि दंड सरकारात जमा व्हावा. तत्त्व म्हणून हे निःसंशय अधिक न्याय्य आहे. दुसऱ्याच्या चोरीबद्दल गरीब कुणब्याने पट्टी का भरावी? पण ज्याचे घर फुटले त्याच्या बाजूने पाहिले तर हिशेब उलटा दिसतो. १८६२ पासून दंडसंहिता लागू झाली. चोर सापडला तर तो तुरुंगात, दंड झाला तर तो खजिन्यात. दंडातून फिर्यादीला काही द्यावे की नाही ते न्यायाधीशाच्या मर्जीवर. चोर न सापडला तर काहीच नाही. माग शिवेवर नेऊन पोहोचविण्यात आता कोणाचाच स्वार्थ उरला नाही.

१८६७ च्या मुंबईच्या गावपोलीस कायद्याने पाटलास पोलीसपाटील केले आणि जागल्या-रामोशी त्याच्या हाताखालचे नोकर झाले. १८७४ च्या वतन कायद्याने त्यांच्या चाकरीचे नियम बांधले. म्हणजे चाकरी राहिली, जबाबदारी राहिली नाही. आणि जे चाकरीत नव्हते त्यांच्या वाट्याला हजेरी आली: सूर्यास्तानंतर चावडीवर जाऊन नाव सांगावयाचे आणि परगावी जाण्यास पाटलाची परवानगी घ्यावयाची. ज्याने रात्री गावाला राखावयाचे त्यालाच गाव रात्री राखू लागले. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके यांनी धामारीवर पहिला छापा घातला तो रामोश्यांच्याच जोरावर. लुटीच्या पलीकडे या सोबत्यांची दृष्टी जात नाही म्हणून फडके कष्टी झाले, हे प्रसिद्ध आहे. पण साठ वर्षे ज्यांना वाट्याशिवाय दुसरा हक्क कोणी शिकविला नव्हता, त्यांनी वाटा मागितला यात नवल ते काय?

१८७१ साली उत्तर हिंदुस्थानासाठी केलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची व्याप्ती १९११ साली इतर प्रांतांपर्यंत वाढली. सबंध जमात अपराधी, ही त्याची भूमिका. गावाने सामुदायिक भरपाई देणे इंग्रजी न्यायबुद्धीला रानटी वाटले होते. जमातीने सामुदायिक कलंक वाहणे मात्र तिला खटकले नाही. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींची जी यादी झाली तीत रामोशी व बेरड या दोहोंची नावे आहेत.

उरली ती इनामाची जमीन. मुंबई राज्याने १९५८ साली कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्याचा कायदा केला, आणि येसकर, जागल्या, रामोशी यांची पिढ्यान्‌पिढ्यांची चाकरी संपली. चाकरीची जमीन प्रथम सरकारजमा झाली आणि मग कबजेहक्काची रक्कम भरून घेऊन ती त्याच घराण्यांस परत देण्याचे ठरले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक गावांच्या जुन्या उताऱ्यांवर त्या जमिनींच्या नोंदी आजही वाचावयास मिळतात. ज्यांनी ती रक्कम मुदतीत भरली त्यांच्या नावे जमीन राहिली.